मला ‘ययाति’ आवडली नाही, हे बोलू की गिळू?

पत्र

नमस्कार,

नोकरी आणि घर यांच्या धबडग्यात माझं वाचन पार सुटलं होतं. आता मुलगी मोठी झाली, थोडा वेळ मिळू लागला, तशी पुन्हा कादंबऱ्यांकडे वळले आहे. एकेक आणते, वाचते आणि एका वहीत आपलं मत लिहून ठेवते. अलीकडच्या चार नोंदी जशाच्या तशा देते.

‘ययाति’ – नाही आवडली. नायक सारखा स्वतःची कीव करतो.
‘कोसला’ – निम्म्यात सोडली. उदाहरणार्थ, वगैरे, उदाहरणार्थ, वगैरे. डोकं उठलं.
‘बनगरवाडी’ – फार छान. काहीच घडत नाही तरी आवडली.
‘रणांगण’ – सुंदर प्रेमकथा. रात्री झोप लागली नाही.

आम्हा काही मैत्रिणींचा वाचनगट आहे. तिथे मी ‘ययाति’बद्दल हेच बोलले. एका मैत्रिणीची ती कॉलेजपासूनची लाडकी कादंबरी. ती पटकन म्हणाली, ‘‘तुला ती कळलीच नाही.’’ ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाला नावं ठेवणारे आपण कोण, हेही वर ऐकवलं. तेव्हापासून मी गटात गप्प बसते आणि ती माझ्याशी तुटक वागते. माझं मत चुकलं का? मत द्यायला काही पात्रता लागते का? वही चालू ठेवू का? आणि या मैत्रिणीचं काय करू?

ता. क. – मी शेवटचं पान आधी वाचते. नवरा म्हणतो, ही चीटिंग आहे. आहे का?

– एक वाचक

उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या चार नोंदी वाचून आधी हसू आलं. तुम्ही ज्या दोन कादंबऱ्यांना नापास केलंत, त्या दोन्हींचे लेखक नेमके ज्ञानपीठवाले. वि. स. खांडेकरांना १९७४चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलंच. भालचंद्र नेमाड्यांना २०१४चं. मैत्रिणीच्या हिशेबाने तुमचा गुन्हा दुहेरी आहे! तर ही पुरस्काराची बाब आधी मिटवून टाकू. पुरस्कारामुळे पुस्तक आपल्यापर्यंत पोचतं, चार लोक ते जपून ठेवतात, नव्या आवृत्त्या निघत राहतात. पण ते आवडलंच पाहिजे, अशी अट त्यासोबत येत नाही.

टॉलस्टॉयला शेक्सपिअर आवडत नसे. आणि हे त्याने मित्रांच्या बैठकीत कुजबुजून सांगितलं नाही. १९०६ साली त्याने यावर चांगला लांबलचक निबंध छापला. त्यात ‘किंग लिअर’ हे नाटक प्रवेशामागून प्रवेश उलगडत कुठे काय पटत नाही, कोण विनाकारण काय बरळतो, ते मांडलं. पुढे १९४७ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने त्याला उत्तर लिहिलं. टॉलस्टॉयचा निकाल आजही फार थोड्यांना मान्य आहे. तरी ऑर्वेलला त्यावर सबंध लेख लिहावासा वाटला, कारण टॉलस्टॉयने भांडायला जागा ठेवली होती. या राजाने या ठिकाणी असं का वागावं, असं तो विचारत होता. ‘मला हा लेखक झेपत नाही बुवा’ म्हणून तो उठून गेला असता, तर ऑर्वेलने कशाला उत्तर दिलं असतं?

तुमच्या वहीत नेमकी ही जागा सापडत नाही. नोंदी प्रामाणिक आहेत, पण ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ म्हणताच दार लागतं. समोरच्याने त्यावर काय बोलायचं? ‘मला आवडली’ म्हणायचं, नाहीतर ‘तुला कळली नाही’ म्हणायचं. तुमच्या मैत्रिणीने दुसरं निवडलं. तसं बोलायला नको होतं हे खरं, पण तिच्या हातात तुम्ही दुसरं काही दिलंही नव्हतंत.

आता ‘ययाति’कडे येते, कारण तिथे तुम्ही खरं काहीतरी पकडलं आहे आणि लगेच सोडून दिलं आहे.

नायक सारखा स्वतःची कीव करतो, हे निरीक्षण बरोबर आहे. ययाति स्वतःची कहाणी स्वतः सांगतो आणि सांगताना स्वतःला भरपूर सवलती देतो. बालपण असं गेलं, वडिलांना शाप असा होता, बायको अशी मिळाली. पण खटकलेली गोष्ट वहीत लिहिण्याआधी एक प्रश्न विचारून बघा: मला जे खटकलं, ते या कादंबरीला ठाऊक आहे का? काही कादंबऱ्यांत नायक आत्मकेंद्री असतो आणि ते लेखकाच्या गावीही नसतं, तो बिचारा त्याला थोर समजून आरती ओवाळत असतो. तिथे तुमचा राग लेखकावर जायला हवा. काही कादंबऱ्यांत मात्र नायकाचा तो दोष हाच विषय असतो. तुम्हाला राग यावा अशीच तिथे व्यवस्था केलेली असते.

‘ययाति’ (१९५९) या दुसऱ्या गटातली आहे. खांडेकरांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की, त्यांना ययातीत सुखामागे धावणारा आणि कशानेच तृप्त न होणारा आजचा माणूस दिसला. म्हणजे नायकाचा रोग लेखकाला पक्का माहीत आहे. शिवाय ही कादंबरी एकट्या ययातीच्या तोंडून येत नाही. देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. एका माणसाने रंगवलेल्या स्वतःच्या चित्राशेजारी दोन बायकांची साक्ष आहे. देवयानीच्या तोंडचा एखादा भाग पुन्हा काढा आणि त्यातला ययाति कसा दिसतो ते बघा. मग त्याचं स्वतःचं निवेदन परत वाचलंत की तो कुठे कुठे गाळतोय, कुठे सारवासारव करतोय, ते दिसायला लागेल. शर्मिष्ठेचे भाग मला या कादंबरीत सगळ्यांत उजवे वाटतात. राजकन्या असून दासी झालेली ही बाई कीव करायला सगळ्यांत जास्त हक्कदार, आणि तीच ती सगळ्यांत कमी करते. ही तुलना कादंबरीनेच आपल्यापुढे ठेवली आहे.

इतकं केल्यावरही कादंबरी आवडणार नाही, असं होऊ शकतं. माझा अंदाज सांगते. तुम्हाला कदाचित कीव खटकलेली नाही, भाषा खटकली आहे. ‘ययाति’त माणसं तीन बोलतात, पण तिघांच्या बोलण्याचा बाज एकच आहे: अलंकारिक, उपमांनी भरलेला, दर थोड्या वेळाने सुविचारासारखं एखादं वाक्य टाकणारा. कितीतरी वाचकांनी ही वाक्यं वहीत उतरवून ठेवली, पाठ केली. बहुधा तुमच्या मैत्रिणीनेही. पण ज्याला माणूस त्याच्या बोलण्यावरून ओळखायची सवय आहे, त्याला तिघांचं दुःख एकाच शाईत लिहिल्यासारखं वाटतं आणि त्याचा कंटाळा येतो. किंवा कदाचित शेवट खटकला असेल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिवावर सुख ओरबाडणारा, शेवटी मुलाचं तारुण्यसुद्धा मागून घेणारा हा राजा, त्याला पश्चात्तापानंतर इतकी सहज माफी मिळावी का? ‘ययातीला माफी फार स्वस्तात मिळते’ असं तुम्ही गटात म्हणाला असतात, तर ‘तुला कळलीच नाही’ हे उत्तर कुणाला देता आलं नसतं. बाजू घेऊन भांडावं लागलं असतं, आणि संध्याकाळ मजेत गेली असती.

यातलं कुठलं तुमचं कारण आहे, ते मला इथे बसून कळणार नाही. पुस्तक उघडून तुम्हीच शोधायचं आहे.

‘बनगरवाडी’ची नोंद मला सगळ्यांत आवडली, कारण ती उघडउघड चुकीची आहे आणि तरी तिच्यात दम आहे. ‘काहीच घडत नाही’? अहो, त्या लहानशा कादंबरीत काय घडायचं राहिलंय? एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. ज्या शाळेत शिकवायचं तिथे पोरंच नाहीत. हळूहळू तो वाडीचा होतो, लोकांची भांडणं, लग्नं, देणीघेणी त्याच्या दारात येऊ लागतात. वाडीकडून तो तालीम बांधून घेतो, राजा येऊन जातो. आणि मग दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन एकेक करून निघून जातात, आख्खी वाडी ओस पडते. एक गाव उठून गेलं, ताई! यापेक्षा मोठी घटना कुठली असते?

तरीही तुम्हाला ‘काहीच घडलं नाही’ असं वाटलं, आणि खरी गंमत इथेच आहे. व्यंकटेश माडगूळकर आवाज चढवत नाहीत. गाव सुटतं तेही ते सकाळ झाली सांगावं तशा सुरात सांगतात. मास्तर वाडीवर भाषण करत नाही, स्वतःच्या कर्तबगारीवर तर नाहीच. मोठी गोष्ट हळू आवाजात सांगितली की वाचकाला वाचताना शांत वाटतं, आणि पुस्तक मिटल्यावर छातीवर ओझं बसतं. आता ही नोंद ‘ययाति’च्या नोंदीशेजारी ठेवून बघा. एकीकडे माणसं सारखी स्वतःच्या मनाचं वर्णन करतात आणि तुम्ही वैतागता, दुसरीकडे मनाबद्दल अवाक्षरही न काढता माणसं दिसतात आणि तुम्ही खूश होता. दोन पुस्तकांवरची मतं म्हणून तुम्ही जे लिहिलंत, ते खरं तर एकच मत आहे. तुम्हाला कमी बोलणारं गद्य आवडतं. हे स्वतःबद्दल कळणं ही काही लहान गोष्ट नव्हे. पुढची पुस्तकं निवडताना याचा फार उपयोग होतो.

‘रणांगण’बद्दल थोडक्यात. ‘सुंदर प्रेमकथा’ हे खोटं नाही, पण तेवढ्याने कुणाची झोप जात नाही. विश्राम बेडेकरांनी ही प्रेमकथा बोटीवर घडवली आहे. चक्रधर मुंबईला उतरणार, हॅर्टाला पुढे जावं लागणार, कारण ती जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी आहे आणि परतीचं दार तिच्यामागे बंद झालेलं आहे. कादंबरीचं साल १९३९, म्हणजे महायुद्ध पेटलं तेच. प्रेमाला मिळालेला वेळ बोटीच्या वेळापत्रकाने ठरवलेला आहे आणि पान उलटलं की बंदर जवळ येतं. तुमची झोप या मोजून दिलेल्या वेळाने उडवली असावी. चक्रधर तुम्हाला आवडला का, याबद्दल वहीत एक शब्द नाही. मला तर तो बराच काळ अजिबात आवडत नाही, बायकांबद्दलची त्याची कडवट बडबड ऐकून पुस्तक आपटावंसं वाटतं. आणि तरी ही कादंबरी मी कुणालाही वाचायला देईन. नायक न आवडणं आणि कादंबरी न आवडणं ही दोन वेगळी खाती आहेत. तुमची ती ‘ययाति’त एकमेकांत मिसळली होती.

राहिली ‘कोसला’. निम्म्यात सोडलीत यात काही पाप नाही. डॅनिएल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचनावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत. पानं गाळण्याचा हक्क त्यात आहे, पुस्तक अर्धवट टाकण्याचाही. मी स्वतः हे दोन्ही हक्क सढळ हाताने वापरते. फक्त अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची नोंद वेगळी करावी. ‘वाईट आहे’ असं लिहू नये. कुठल्या पानावर सोडली आणि त्या पानावर काय चाललं होतं, ते लिहावं.

‘कोसला’च्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे. १९६३ साली आलेल्या या कादंबरीत पांडुरंग सांगवीकर नावाचा पोरगा खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला कॉलेजात येतो आणि सगळ्याची टर उडवत सुटतो. ते ‘उदाहरणार्थ’, ते ‘वगैरे’ म्हणजे त्याचा कशालाच फार किंमत न देण्याचा आव आहे. कॉलेज, खोली, मेस, मित्र, गॅदरिंग या भागात तुमचं डोकं उठलं असेल तर मी समजू शकते; पंचविशीतल्या मुलाची आढ्यता पन्नाशीच्या आसपास फार गोड लागत नाही. पण त्याची धाकटी बहीण मनी जाते, ते पान तुमच्या वाचनात आलं का? (गोष्ट फोडल्याबद्दल रागावू नका, ही कादंबरी घटनेच्या उत्सुकतेवर चालत नाही.) तिथवर ज्या भाषेने सगळ्याची थट्टा केली, त्याच भाषेला आता एका लहान मुलीच्या मरणाचं काहीतरी करायचं आहे, आणि तिला ते करता येत नाही. तो भाग वाचल्यावर मागची टवाळी वेगळी दिसू लागते. तुम्ही त्याच्या आधी थांबला असाल तर पुन्हा सुरुवातीपासून वाचायच्या भानगडीत पडू नका, सोडलीत तिथून त्या भागापर्यंतच जा. तिथेही काही झालं नाही तर खुशाल परत करा. आणि तुम्ही तो भाग ओलांडून मग सोडली असेल, तर तसं लिहा. ते मत माझ्या मताच्या विरुद्ध असेल आणि मला ते ऐकायला आवडेल.

पात्रतेबद्दल विचारलंत. कादंबरी वाचलेली असणं, एवढीच. मराठी वाङ्मयाची पदवी असेल तर फायदा होतो, कारण चार पुस्तकं शेजारी ठेवून बघण्याची सवय लागते. पण ती सवय पदवीशिवायही लागते. ‘ययाति’ आणि ‘बनगरवाडी’ एका पाठोपाठ वाचून तुम्ही ती सुरूही केली आहे.

वही बंद करू नका. फक्त एक बदल करा: मत लिहिण्याआधी पुस्तकातली एक जागा लिहा, पानाच्या क्रमांकासकट. जिथे थांबलात, चिडलात, मागे वळून परत वाचलंत, अशी कुठलीही. ‘बनगरवाडी’ची नोंद मग अशी होऊ शकेल: ‘मास्तर आला तेव्हा शाळेत पोरं नव्हती. शेवटी पुन्हा नाहीत. मग मधलं सगळं वाया गेलं का? मला तसं वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही.’ बघा, यात ‘छान’ शब्द नाही, निकाल नाही, उत्तरही नाही. पण ही नोंद गटात वाचून दाखवली तर बोलायला कुणाला तरी सुचेलच. आणि तारीख टाकत जा. आज न आवडलेली कादंबरी काही वर्षांनी आवडते, आवडलेली नकोशी होते, तेव्हा आपण तेव्हा नेमक्या कशाला भाळलो होतो, हे त्या पानाच्या क्रमांकावरून सापडतं. पानाचा क्रमांक मात्र आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून जमलं तर वाक्यच उतरवून घ्या.

आता मैत्रीण. पेनाकच्या यादीतला दहावा हक्क आहे गप्प राहण्याचा, वाचलेल्याबद्दल कुणाला काहीही न सांगण्याचा. तो तुमच्याकडे आहेच. पण तुम्ही सध्या गप्प आहात ते हक्क म्हणून नव्हे, रुसून. त्या दोन्हींत फरक आहे आणि गटातल्या सगळ्यांना तो दिसत असणार.

तिला काय लागलं असावं, ते जरा तिच्या बाजूने बघा. कॉलेजात असताना मनात शिरलेली कादंबरी म्हणजे नुसती कादंबरी राहत नाही. त्या वयातले मित्र, ती प्रेमं, आपण किती गंभीर होतो याची आठवण, हे सगळं तिला चिकटलेलं असतं. तुम्ही नायकाला रडका म्हणालात आणि तिने ते अंगावर घेतलं. यात तुमची चूक नाही, पण माफी मागण्याऐवजी किंवा वाद जिंकण्याऐवजी करण्यासारखं एक काम आहे. तिच्याकडे तिची प्रत मागा. वाचनालयातली नको, तिचीच. लाडक्या पुस्तकात लोक खुणा करतात, पेन्सिलीने रेघा मारतात, समासात काहीबाही लिहितात. त्या रेघा कुठे आहेत ते बघा आणि तिला विचारा, ‘‘इथे रेघ का मारलीस?’’ तिने ‘तुला कळलीच नाही’ म्हटलं होतं ना? मग कुठलं पान कळलं नाही ते तिनेच दाखवावं, आणि हे टोमणा म्हणून नको, खरंच विचारा. त्यानंतरही तुम्हाला ‘ययाति’ आवडणार नाही, असाच माझा अंदाज आहे. न आवडो. मग ‘बनगरवाडी’ तिच्या हातात द्या आणि ती कंटाळली तर तुम्हीही तिला तोच प्रश्न विचारा.

तिने प्रत द्यायलाच नकार दिला, तर मात्र भांडण कादंबरीवरून नाहीये. मग वेगळं पत्र लिहा.

शेवटचं पान आधी वाचण्याबद्दल: मिस्टरांना सांगा, वाचणाऱ्याने कशी फसवणूक करायची आणि कुणाची? ज्या कादंबरीचा शेवट कळल्यावर वाचायचं काही उरत नाही, ती बहुधा एकदाच वाचायची असते. ‘बनगरवाडी’चं शेवटचं पान आधी वाचून तुमच्या हाती काहीही लागलं नसणार. ‘रणांगण’चं वाचलं असेल तर मला तुमची थोडी कीव येते. खुनाच्या रहस्यकथांना मात्र हा नियम लावू नका, तिथे तुमचे मिस्टर बरोबर आहेत.